पावसाळी अधिवेशनाआधीची चाळणी: एका खासदार कार्यालयाचं प्रकरण

2025 च्या जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, संसदेचं पावसाळी अधिवेशन 21 जुलैला सुरू होणार असल्याचं केंद्राने जाहीर केलं. नवतपा सरला होता. खासदाराच्या नागपूरच्या कार्यालयात उन्हाळ्याभरात आलेली निवेदनं एक अख्खं कपाट अडवून बसली होती. यातलं दिल्लीला काय न्यायचं आणि काय इथेच ठेवायचं, एवढाच या प्रकरणाचा विषय.

आधी एक खुलासा. यातला खासदार, त्याचे स्वीय सहायक आणि कार्यालय अभ्यासासाठी रचलेलं आहे. काटोलपासून उमरेडपर्यंत पसरलेला एक ग्रामीण मतदारसंघ धरला आहे, कुणा प्रत्यक्ष व्यक्तीशी त्याचा संबंध जोडू नये. तारखा, नियम, योजना, रकमा मात्र खऱ्या आहेत. खासदार कोणत्या पक्षाचा, हे मुद्दाम ठरवलेलं नाही. त्याने फरक पडतोच, पण ज्या टप्प्याबद्दल इथे लिहायचं आहे तिथे लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी.

तारखेचा घोळ

अधिवेशन 21 जुलैला म्हणजे तयारी जुलैच्या मध्यात, असा बहुतेकांचा हिशेब असतो. पहिलं नुकसान इथेच होतं. लोकसभेत प्रश्न विचारायचा तर किमान पंधरा पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. पहिल्या दिवशीचा प्रश्न जुलैच्या पहिल्याच आठवड्यात दाखल झालेला असावा लागतो. पुढे लॉटरी. रोजच्या यादीत तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे, प्रश्न फक्त वीस, लेखी उत्तराचे अतारांकित 230, आणि एका खासदाराचा एका दिवशी एकच तारांकित. शिवाय प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला. त्या वाराची सूचना हुकली की आठवडा गेला.

आणि जुलैचा पहिला आठवडा म्हणजे काय? त्या वर्षी आषाढी 6 जुलैला होती. धापेवाड्याची यात्रा, गावोगावच्या दिंड्या, पेरणीची धावपळ, दुबार पेरणीची धास्ती, शाळाप्रवेशाची पत्रं. ग्रामीण खासदाराला मतदारसंघ सोडवत नाही असे हे दिवस, आणि दिल्लीसाठी नेमकं तेव्हाच लिहायला बसायचं असतं. आमच्या या प्रकरणातल्या स्वीय सहायकांनी, त्यांना सगळे काका म्हणतात, जूनच्या शेवटच्या रविवारी दार लावून घेतलं आणि कपाट उघडलं. जिल्हा परिषदेत नोकरी काढलेला माणूस. कागद पाहून तो कोणत्या टेबलाचा हे त्यांना वाचण्याआधी कळतं.

कोणाचं दार

कपाटात जे होतं ते नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही लोकप्रतिनिधीकडे सापडेल. टँकर. पांदण रस्ते. रानडुकरांनी उकरलेली शेतं. वीजबिलं. बदलीच्या विनंत्या, आणि त्या किती असतात हे ज्याने असं कार्यालय पाहिलंय त्यालाच ठाऊक. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणीत जमीन गेलेल्यांची नोकरीची प्रकरणं. एम्समधली रांग. इतवारी-नागभीड रेल्वे. गोसीखुर्द धरण. संत्रा. आणि अंबाझरी तलाव.

अंबाझरीचं निवेदन सर्वांत जाड होतं. मतदारसंघ ग्रामीण असला तरी काटोल-नरखेडकडच्या कितीतरी कुटुंबांचं दुसरं घर नागपुरात असतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, माणसं दगावली. त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्याच्या शेवटी तोच प्रश्न येतो: यंदा काय? निवेदन देणाऱ्यांची मागणी होती, "भाऊंनी हे लोकसभेत मांडावं." भाऊ म्हणजे खासदार.

काकांनी ते बाजूला ठेवलं. लोकसभेच्या प्रश्नांच्या नियमांत स्पष्ट आहे की जो विषय मुळात केंद्र सरकारचा नाही त्यावर प्रश्न घेतला जात नाही. तलाव महापालिकेचा, धरणाचं काम राज्याच्या खात्याकडे, वर उच्च न्यायालयात प्रकरण सुरू, आणि न्यायप्रविष्ट विषयालाही तोच नियम आडवा येतो. प्रश्न टाकला असता तर तो नामंजूर होऊन परत आला असता. तरी अनेक कार्यालयं असे प्रश्न टाकतात. नामंजुरीचं पत्र कुणी दाखवत नाही, सूचना दिल्याचा फोटो मात्र त्याच दिवशी फिरतो. मला ही फसवणूकच वाटते, छोटी असली तरी.

पण तलावातून पुढे वाहणाऱ्या नदीची गोष्ट वेगळी. नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्प केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत आहे. 2022 मध्ये सुमारे 1,927 कोटींच्या खर्चाला मंजुरी मिळाली, त्यात जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे आणि केंद्र, राज्य, महापालिका या तिघांचाही वाटा. शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या पाण्यात जातं. म्हणजे तलावाच्या भिंतीच्या उंचीवर दिल्लीत बोलता येत नाही, गटाराच्या पाण्यावर येतं. काकांनी जाड निवेदनातली नदीबद्दलची दोन पानं काढून दिल्लीच्या फाईलला लावली, बाकीचं जिल्हाधिकारी आणि पालिका आयुक्तांच्या नावाने पत्रासह इकडच्या फाईलला.

गोसीखुर्दवर वाद झाला. 1988 मध्ये भूमिपूजन, तेव्हाचा अंदाज 372 कोटी, पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, खर्च 18,000 कोटींच्या वर, अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. विदर्भातल्या खासदाराने यावर बोलायचं नाही तर कशावर? काकांचं म्हणणं: यावर इतके प्रश्न विचारून झालेत की उत्तर आपणच लिहू शकतो. आधीची उत्तरं काढा, वाचा, आणि त्यात जे सांगितलेलं नाही तेवढंच विचारा. वाचल्यावर उरलं ते पुनर्वसनाचं आणि वितरिकांचं, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या लहान कालव्यांचं, आणि दोन्ही कामं राज्याच्या महामंडळाकडे. ते आमदारांच्या यादीत गेलं. 1953 च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात आणलं ते तरी कशासाठी?

दोन मिनिटांचा व्हिडिओ

कार्यालयात एक तरुण आहे. मोबाईल, पोस्ट, रील ही त्याची जबाबदारी. त्याचं गणित सरळ होतं: "काका, लेखी उत्तर कोण वाचून राहिलं? भाऊ शून्य प्रहरात दोन मिनिटं बोलले, मराठीत बोलले, तं गावागावात पोहोचते."

त्याचं चुकत होतं असं म्हणता येत नाही. पुढल्या निवडणुकीत मतदार काय आठवतो याचा विचार न करणारं खासदार कार्यालय फार दिवस खासदाराचं राहत नाही. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायला ठेवलेल्या वेळात, मांडलेला विषय लोकांना दिसतो आणि मंत्र्याच्याही कानावर जातो. पण सरकारने त्यावर उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. सभागृह चाललं नाही तर तेही गेलं.

काकांनी उलटी बाजू मांडली, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. सभागृह दहा मिनिटांत तहकूब झालं तरी त्या दिवशीच्या प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदीत, ठेवली जातात. तारांकित प्रश्न पुकारला गेला नाही तर उपप्रश्नांची संधी जाते, उत्तर मिळतंच. नियम 377 खाली दिलेला 250 शब्दांचा मजकूर, आठवड्याला एक, गोंधळ असेल तर वाचल्याचं मानून पटलावर ठेवता येतो आणि मंत्रालयाने महिनाभरात त्याला उत्तर द्यावं अशी पद्धत आहे. तेव्हा प्राधान्य ठरवताना विषय किती मोठा हे विचारून भागत नाही. गोंधळाच्या अधिवेशनातही हातात कागद कशाचा पडेल, आणि तो कागद अजून उपयोगी पडेल अशा वेळेत पडेल का, हे आधी पाहायचं.

भाऊंनी दोघांनाही अर्धं अर्धं दिलं. प्रश्न काकांनी लिहायचे, शून्य प्रहर तरुणाने सांभाळायचा. राजकारणी माणूस आणखी काय करणार!

संत्रा पहिला का

वेळेची कसोटी लावली तेव्हा यादीचा क्रम पालटला. वरवर पाहता वेकोलि किंवा रेल्वे वर असायला हवी होती. पण खाणीत गेलेली जमीन डिसेंबरमध्येही गेलेलीच असणार, रेल्वेचं कामही तेव्हा चालूच असणार. संत्र्याचं तसं नाही. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास तोडणीला येतात आणि कळमन्याच्या बाजारात ढीग लागतात. व्यापारी त्याच्याही आधी बगीचे पाहायला फिरतात आणि भाव तेव्हाच ठरू लागतो. संसदेचं हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरचं. तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचा त्या हंगामाला उपयोग शून्य. पावसाळी अधिवेशन हीच शेवटची संधी.

दुखणं ठाऊक आहे. नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 मध्ये त्यांनी किलोला 20 टका आयातशुल्क लावलं, ते वाढत वाढत 2023 पर्यंत 88 टक्यांवर गेलं. निर्यात कोसळली, माल देशातच फिरला, भाव पडले. राज्य सरकारने निर्यातीला अनुदान जाहीर केलं, पण शुल्क लावणारं सरकार दुसऱ्या देशाचं. केंद्र फार तर बोलणी करू शकतं. आणि 2025 च्या उन्हाळ्यात ती बोलणीही अवघड होती: बांगलादेशाने जमिनीच्या मार्गाने येणारं भारतीय सूत अडवलेलं, भारताने 17 मे रोजी त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरची बंदरं बंद केलेली. अशा हवेत "संत्र्यावरचं शुल्क कमी करून आणा" अशी मागणी म्हणजे टाळ्यांची सोय.

पहिला मसुदा तरुणाने लिहिला होता. "संत्रा उत्पादक शेतकरी संकटात आहेत हे सरकारला माहीत आहे काय? असल्यास सरकारने कोणती पावलं उचलली?" अशा प्रश्नाचं उत्तर मंत्रालयात तयारच असतं: सरकार शेतकऱ्यांच्या हितासाठी कटिबद्ध आहे, खालील योजना राबवल्या जात आहेत, आणि खाली दोन पानांचं परिशिष्ट. काकांनी मसुद्याचे तीन तुकडे केले, कारण एकाच संत्र्याची तीन मंत्रालयं आहेत आणि तिघांचे वार वेगळे असू शकतात. चुकीच्या मंत्रालयाला गेलेला प्रश्न बदली होऊन फिरतो, त्यात दिवस जातात.

वाणिज्य मंत्रालयाला: 2019 पासून कोणत्या द्विपक्षीय बैठकांत या शुल्काचा मुद्दा भारताने मांडला, तारखा आणि समोरच्यांचं म्हणणं. इथे "नाही" असं उत्तर आलं तरी ते मोलाचं. रेल्वेला: तोडणीच्या महिन्यांत काटोल, नरखेड, वरुड पट्ट्यातून फळांसाठी पार्सल डबे देण्याचं काय नियोजन आहे.

तिसरा प्रश्न कृषी मंत्रालयाला, आणि मला विचाराल तर तिघांतला खरा हाच. 9 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 1,765.67 कोटींचा स्वच्छ रोपे कार्यक्रम मंजूर केला. देशात नऊ केंद्रं, त्यात लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर, म्हणजे अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. आपल्याकडे शेतकरी कलम आणतो ते बहुधा वरुड-शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून. जंबेरीच्या खुंटावर बांधलेल्या कलमात डिंक्या रोग आहे की नाही हे लावताना कळत नाही. झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं. तोवर खत, पाणी, मजुरी सगळं ओतून झालेलं असतं आणि मग बाग वाळायला लागते. बांगलादेश शुल्क उद्या शून्यावर आणेल, पण वाळलेली बाग काय निर्यात करणार? म्हणून प्रश्न असा: नागपूरच्या केंद्राला आजवर किती निधी दिला, काम कोणत्या टप्प्यावर आहे, प्रमाणित मातृवृक्षांपासूनची पहिली रोपं शेतकऱ्याला कोणत्या वर्षी मिळतील. वर्ष मागायचं, हे महत्त्वाचं. "लवकरच" लिहायला अधिकाऱ्याला काही लागत नाही, वर्ष लिहिलं की त्याला वरून सही घ्यावी लागते.

तारांकित म्हणून कोणता टाकायचा? तरुणाचं मत बांगलादेश. काकांचं मत रोपं. भाऊंनी बांगलादेश निवडला. बातमी तिथेच होती, हे उघड आहे. मला तो निर्णय पटत नाही. उपप्रश्नांत मंत्र्याला अडवता येईल असं काही रोपांच्या प्रश्नात होतं, बांगलादेशाच्या प्रश्नात परराष्ट्र संबंधांच्या नावाखाली निसटायला वाट मोकळी होती.

बाकीचं, थोडक्यात

उष्णतेचा प्रश्न नागपूरकराला विचारावासा वाटणारच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने ठरवलेल्या बारा आपत्तींमध्ये तेव्हा थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश पाहिलेल्या शहराला हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. पण "यादीत घालणार काय" असं विचारण्यात अर्थ नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाने ही मागणी मान्य केली नव्हती आणि सरकार त्याकडेच बोट दाखवत होतं. राज्यांना त्या निधीतला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींवर खर्च करता येत होता. त्यातून उष्माघातासाठी कोणत्या राज्याने किती खर्च केला, असं विचारलं. उत्तरातल्या तक्त्यात महाराष्ट्राची ओळ कशी दिसते, हे पुढल्या उन्हाळ्याआधी इथल्या पालकमंत्र्यांना दाखवता येईल.

इतवारी-नागभीडची छोटी लाईन 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली. 106 किलोमीटरचं रुंदीकरण. "कधी पूर्ण होणार" ऐवजी टप्पेवार तारखा आणि कऱ्हांडला अभयारण्याजवळच्या भागाची वन्यजीव परवानगी कुठे अडली आहे ते मागितलं. वेकोलिचं 377 खाली. एम्समधली रिक्त पदं अतारांकित. रानडुकरांचं राज्याच्या वन विभागाकडे पत्र, कारण भरपाई तिथूनच येते.

प्रत्यक्षात

अधिवेशन 21 ऑगस्टपर्यंत चाललं. चाललं म्हणजे तारखेने. बिहारच्या मतदारयाद्यांच्या विशेष पुनरीक्षणावरून पहिल्या आठवड्यापासून गदारोळ होता. शेवटच्या दिवशी लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला यांनी जो हिशेब दिला त्यानुसार ठरलेल्या 120 तासांपैकी कामकाज झालं 37 तास, आणि यादीत आलेल्या 419 तारांकित प्रश्नांपैकी तोंडी उत्तरं झाली अवघ्या 55 ना.

त्या 55 मध्ये आमच्या प्रकरणातल्या खासदाराचा प्रश्न नाही असंच धरून चाललो आहे. 419 मध्ये 55 हे प्रमाण पाहता दुसरं काही धरणं भाबडेपणाचं होईल. शून्य प्रहराच्या सूचना लॉटरीत लागल्या त्या दिवशी सभागृह तहकूब. व्हिडिओ निघालाच नाही. लेखी उत्तरं मात्र पटलावर येत राहिली, आणि काकांची फाईल भरत गेली. तरुणानेच मग एक गोष्ट चांगली केली: उत्तरातल्या तक्त्यांचे फोटो गावांच्या नावांसह गटांवर टाकले. रीलएवढे पाहिले गेले नाहीत. पण शेंदुरजनाघाटकडून रोपांबद्दल फोन आले, आणि ते फोन करणारे लोक मतदारसंघाबाहेरचे होते, हा भाग वेगळा.

या सगळ्या तयारीला खरा धक्का बसला तो 18 ऑगस्टला. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीनंतर सभागृह पुन्हा बसलं त्याच दिवशी केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क 19 ऑगस्टपासून 30 सप्टेंबरपर्यंत माफ केल्याची अधिसूचना काढली. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने कापड उद्योग अडचणीत आला होता, त्याची ही जुनी मागणी. विदर्भात त्याचा अर्थ एकच लावला गेला: बाहेरचा कापूस स्वस्तात येणार, आणि लांब धाग्याला 8,110, मध्यम धाग्याला 7,710 हे जाहीर हमीभाव कागदावर राहणार.

प्रश्नाची वेळ गेलेली. पंधरा दिवस कुठून आणायचे, अधिवेशनाचे उरले होते चार. त्या आठवड्याचं 377 सोमवारी सकाळीच वेकोलिसाठी दिलेलं. राहिला शून्य प्रहर. तरुणाने दोन दिवस सूचना लावल्या, सभागृह दोन्ही दिवशी धड चाललं नाही. वस्त्रोद्योग आणि कृषी मंत्र्यांना पत्रं गेली. काकांच्या पद्धतीची मर्यादा इथे उघडी पडली. हातात असलेली सगळी हत्यारं आधीच ठरलेल्या विषयांना वाटून टाकली की अचानक आलेल्या विषयासाठी काही उरत नाही. शेवटच्या आठवड्याचं 377 गुरुवारपर्यंत मोकळं ठेवायला हवं होतं. वेकोलिची प्रकरणं वर्षानुवर्षांची आहेत, त्यांना आणखी एक अधिवेशन थांबता आलं असतं, हा तर काकांचाच नियम होता.

तेव्हा एक युक्तिवाद सांत्वनासारखा केला गेला: सवलत 30 सप्टेंबरपर्यंतच आहे, तोवर आपली पऱ्हाटी वेचणीलाही येत नाही. 28 ऑगस्टला तीच सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे वेचणीचा, विक्रीचा मुख्य काळ पूर्ण तिच्या आत. आणि अधिवेशन आठवडाभरापूर्वी संपलेलं.

अधिवेशनानंतर काकांच्या टेबलावर दोन याद्या होत्या. एकीत ज्या उत्तरांमध्ये मंत्रालयाने "माहिती गोळा केली जात आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" असं लिहिलं ती उत्तरं. हे वाक्य आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि न केल्यास सरकारी आश्वासनांच्या समितीकडे जाता येतं. फार थोडी कार्यालयं ही तारीख लिहून ठेवतात. दुसऱ्या यादीत जिल्ह्याच्या दिशा समितीच्या, म्हणजे केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यात आढावा घेणाऱ्या समितीच्या, बैठकीला न्यायचे विषय. त्यांत टँकरपासून पांदण रस्त्यांपर्यंत ती सगळी कामं होती ज्यांसाठी दिल्लीला जायची गरजच नव्हती.

कापसाचा प्रश्न संसदेच्या हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यासाठी लिहून तयार होता: सवलतीच्या काळात किती गाठी आल्या, कोणत्या देशांतून, आणि त्याच काळात भारतीय कापूस महामंडळाने विदर्भातल्या केंद्रांवर किती खरेदी केली. अधिवेशन 1 डिसेंबरला सुरू झालं, म्हणजे सूचना नोव्हेंबरच्या मध्यात जायला हवी होती. सवलत संपायला तेव्हा दीड महिना उरलेला होता, उत्तर यायच्या वेळी महिन्याहून कमी.